ताटापुढची प्रार्थना

“जेवण वाढण्याआधी प्रार्थना म्हणायला लावत असतील, तर ती सेवा नाही, सौदा आहे,” मामा म्हणाले.

“आणि लावत नसतील तर?”

“तर मग चर्च हवंय कशाला? ते काम महापालिकेचं.”

लालबागच्या चाळीत रविवारची जेवणं उरकली आणि हा वाद पेटला. मामा गिरणीतले जुने कामगार, लाल बावट्याचे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांबरोबर तेही बाहेर पडले, ते पुन्हा खात्यात गेलेच नाहीत. दान हा शब्द कानावर पडला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. भाची निर्मला निकेतनमध्ये समाजकार्य शिकली आणि आता एका ख्रिस्ती ट्रस्टच्या रात्रनिवाऱ्यात आणि व्यसनमुक्ती केंद्रात काम करते. घरी सत्यनारायण, कामावर सिस्टर. तिला यात कधी अडचण वाटली नाही. मामांना वाटते आणि ते ती लपवत नाहीत.

भाचीने मुक्तिफौजेचं उदाहरण काढलं. मुक्तिफौज म्हणजे सॅल्व्हेशन आर्मी. विल्यम आणि कॅथरीन बूथ या दांपत्याने १८६५ साली लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, दारूच्या गुत्त्यांच्या वस्तीत, धर्मप्रचाराचं काम सुरू केलं. १८७८ मध्ये त्या कामाला फौजेचं नाव मिळालं. उपाशी माणसाच्या कानात प्रवचन शिरत नाही, हे त्यांना अनुभवाने कळत गेलं. मग स्वस्त जेवण आलं, रात्रीचे निवारे आले. १८९० साली बूथ यांनी इंग्लंडमधल्या दारिद्र्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात बग्गीच्या घोड्याचा दाखला दिला. लंडनच्या रस्त्यात घोडा कोसळला तर चूक कुणाची याची चौकशी आधी होत नाही, आधी त्याला उभं केलं जातं. तो जिवंत आहे तोवर त्याला रात्रीचा तबेला, चारा आणि काम मिळतं. माणसाला निदान घोड्याइतकं तरी मिळावं, असं बूथ यांचं म्हणणं होतं.

“यात तुमच्या युनियनला खटकण्यासारखं काय आहे, मामा?”

“घोड्याला तबेला मिळतो, कारण उद्या त्याला पुन्हा जुंपायचं असतं,” मामा म्हणाले. “माणसाचा हक्क त्याच्या उपयोगावरून ठरवायचा नसतो.”

“बरं. मग काडेपेटीच्या कारखान्याचं काय?”

हा प्रश्न मामांच्या अंगणातला होता. त्या काळी काड्यांच्या गुलाला पांढरा फॉस्फरस वापरत. त्याच्या वाफांनी कामगार बायांचे जबडे सडत. बूथ यांनी १८९१ मध्ये पूर्व लंडनमध्ये स्वतःचा कारखाना काढला, त्यात निर्धोक तांबडा फॉस्फरस वापरला आणि इतरांपेक्षा जास्त मजुरी दिली. अशा काड्या बनवूनही धंदा करता येतो, हे त्यांना मालकांना दाखवायचं होतं.

“पण त्याच्या तीन वर्षं आधी, १८८८ मध्ये, ब्रायंट अँड मे कंपनीतल्या पोरींनी संप केला होता, हे का सांगत नाहीस?” मामांचा आवाज चढला. “आधी पोरी रस्त्यावर आल्या, मग बाकीच्यांना जाग आली.”

“संपाने दंड आणि पगारकपात थांबली. पांढरा फॉस्फरस मात्र त्यानंतरही वापरात होता. कायद्याने त्यावर बंदी यायला विसाव्या शतकाचं पहिलं दशक उजाडलं. मधल्या काळात जबडा वाचवणारी एक जागा कुणी काढली असेल, तर ती माझ्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.”

मामांनी ते मान्य केलं, पण जागा सोडली नाही. डार्विनचे पाठीराखे टी. एच. हक्सली यांनी बूथ यांच्या योजनेविरुद्ध ‘टाइम्स’ला बारा पत्रं लिहिली होती, हे त्यांना अभ्यासवर्गापासून पाठ आहे. हक्सलींचा आक्षेप भाकरीला नव्हता. हजारो माणसं एका सेनापतीच्या हुकमावर चालणार, लोकांचा पैसा त्याच्या एकट्याच्या हाती जाणार आणि धर्माच्या आवेशापुढे जाब विचारायची सोय उरणार नाही, याची त्यांना धास्ती होती. “पुढे हिंदुस्थानात काय झालं, तेही सांग,” मामा म्हणाले.

हिंदुस्थानातली गोष्ट मुंबईतच सुरू होते. १९ सप्टेंबर १८८२ ला मुक्तिफौजेची पहिली तुकडी मुंबईच्या धक्क्यावर उतरली. ‘आर्मी’ येणार म्हणून पोलीस बंदोबस्ताला उभे होते. बोटीतून उतरली चार माणसं. त्यांचा म्होरक्या फ्रेडरिक टकर हा सनदी नोकरी सोडून आलेला अधिकारी. त्याने फकीर सिंग हे नाव घेतलं, भगवी वस्त्रं घातली, अनवाणी फिरला, भिक्षा मागून जेवला. गोरा साहेब नेटिवांसारखा राहतो, हे सरकारला रुचलं नाही. मिरवणुका काढल्या म्हणून त्याला तुरुंगात टाकलं आणि त्याच्या बाजूने ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन उभे राहिले. इथवरची हकिगत ऐकली तर कुणालाही टकरबद्दल जिव्हाळा वाटेल.

याच टकरच्या मुक्तिफौजेने पुढे सरकारच्या ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहती चालवायला घेतल्या. १८७१ च्या कायद्याने जन्मावरूनच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना कुंपणात ठेवायचं, हजेरी घ्यायची, कामाला लावायचं. उत्तर भारतात गोरखपूरला, आंध्रात स्टुअर्टपुरमला अशा वसाहती झाल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र अजून पुसला गेलेला नाही. फासेपारध्यांच्या पालावर गेलं की तो दिसतो.

“अनवाणी फकीर तुरुंगाधिकारी कधी झाला, ते त्याचं त्यालाही कळलं नसेल,” मामा म्हणाले. “हेतू शुद्ध होता ना? मग?”

भाचीने याला बगल दिली नाही. सरकारचं काम अंगावर घेताना सरकारची नजरही अंगी येते, आणि आजही सेवाभावी संस्थांपुढे हा धोका आहे, असं ती म्हणाली. निवाऱ्यात आलेल्या माणसाचं आधार कार्ड तपासणं, बोटांचे ठसे घेणं, ‘हा कुठला’ म्हणून पोलिसांनी विचारणं, हे तिच्या रोजच्या कामात येतं. त्यातलं काय करायचं आणि कशाला ठाम नाही म्हणायचं, यावर त्यांच्या बैठकीत सिस्टरांचं आणि तिचंही खटकतं.

मग विषय धर्मांतरावर आला, तो यायचाच होता. मराठी माणसाला याचं उदाहरण लंडनमध्ये शोधावं लागत नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांना आसरा आणि शिक्षण मिळेल, धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असं ठरलं होतं. १८९३ मध्ये काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असं उघड झालं, तेव्हा पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने तोफ डागली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

“लाल बावट्याचा माणूस टिळकांच्या बाजूने बोलतोय, असं समजू नकोस,” मामा म्हणाले. “पण ज्या मुलीला जायला दुसरं घर नाही, तिच्यासमोर दार उघडं ठेवून प्रार्थना केली, तर ती मुलगी खरोखर मोकळी असते का? तिला आत बोलावलं नसेल, मान्य. पण तिला अन्न देणारी बाई आत बसलेली आहे, हे तिला दिसत असतं.”

भाची थोडा वेळ गप्प राहिली. हा प्रश्न तिने आधीही ऐकलेला आहे, पण इतका नेमका क्वचितच.

“१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली रस्त्यावर मरत होत्या,” ती म्हणाली. “रमाबाई तिथे गेल्या आणि शेकडो मुलींना केडगावला घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले होते. उपास म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्या मुलींना उचलायला पुण्यातून दुसरं कोण गेलं होतं, मामा? मोकळेपणाचा प्रश्न खरा आहे. पण तो विचारायला मुलगी जिवंत राहावी लागते.”

इथे दोघांपैकी कुणीच जिंकलं नाही, आणि जिंकण्यासारखं ते नाहीच. रमाबाईंनी मुली वाचवल्या, हेही खरं. वाचलेल्या मुलींवर वाचवणाऱ्याच्या धर्माचा भार पडला, हेही खरं. यातलं एक खोडून दुसरं ठेवणारे लोक दोन्ही बाजूंना आहेत आणि त्यामुळेच सव्वाशे वर्षं हा वाद जागचा हललेला नाही.

भाचीच्या केंद्रात आज काय घडतं, हे पाहिलं तर वादाला थोडी जमीन मिळते. सकाळी ड्रेसिंगचं टेबल लागतं. पुलाखाली राहणारा, शिरेतून नशा करणारा माणूस येतो; पिंडरीवर इंजेक्शनमुळे झालेला गळू फुटून जखम उघडी पडलेली, तिच्यात अळ्या. सिस्टर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा जखमेच्या तोंडाशी धरते, अळ्या वर यायला लागतात, चिमट्याने एकेक काढून ट्रेमध्ये टाकते, मग सलाइनने धुऊन पट्टी करते. वास असा असतो की नवे स्वयंसेवक बाहेर जाऊन ओकतात. तेवढा वेळ सिस्टर त्याच्याशी बोलत असते, जेवलास का, काल कुठे झोपलास, गावाला फोन केलास का. देवाचं नाव निघत नाही. भिंतीवर क्रूस आहे. तो माणूस दुपारी पुन्हा ‘पन्नी’वर गर्द ओढायला जाईल, हे तिला माहीत असतं. उद्या पट्टी बदलायला ये, एवढंच ती सांगते.

“हे महापालिकेच्या दवाखान्यात का होत नाही?” मामांनी विचारलं.

“व्हायला पाहिजे. पण गर्दुल्ला म्हटलं की केसपेपर काढायच्या खिडकीवरूनच हाकलतात. सिस्टर हाकलत नाही, कारण तिच्या श्रद्धेप्रमाणे समोर बसलेला तो तिचा प्रभूच आहे.”

“म्हणजे गरीब हा तिच्या स्वर्गाची शिडी झाला!”

यावर भाचीला मत्तयच्या शुभवर्तमानातली न्यायाच्या दिवसाची गोष्ट आठवली. भुकेल्याला जेवू घातलं आणि परक्याला घरात घेतलं, ते मलाच केलं, असं तिथे राजा म्हणतो. पण ज्यांनी ते केलं ते चकित होतात. आम्ही तुला कधी पाहिलं, असं विचारतात. त्यांनी पुण्याचा हिशेब ठेवलेलाच नव्हता. “हिशेब ठेवणारी माणसं आमच्यातही आहेत, आणि ती लगेच ओळखू येतात,” ती म्हणाली. “देणगीदारांबरोबर फोटो काढायला पेशंटला उठवून उभं करतात, ती.”

व्यसनाच्या मुद्द्यावर मामा सावध झाले. संपानंतर गिरणगावात किती जण दारूने गेले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. हाताला काम नाही, घरात तोंड दाखवायची लाज, संध्याकाळी देशीचा बार. त्यातल्या काहींना त्यांनी स्वतः खांद्यावर घरी आणलंय, आणि काहींना पुढे खांदाही दिलाय.

दारू सोडवायच्या कामात ख्रिस्ती प्रवाहाचा वाटा मोठा आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘ए.ए.’, १९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ या दोघा दारुड्यांची भेट झाली ती ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या वर्तुळातून. चूक कबूल करणं, नुकसान झालेल्याची भरपाई करणं, दुसऱ्याला आधार देणं, ही शिस्त तिथून आली. पण काही वर्षांतच ए.ए. त्या चळवळीपासून वेगळी झाली, आणि बारा पायऱ्यांमध्ये देव आला तो ज्याला जसा समजेल तसा. निरीश्वरवादी सभासदांनी तेवढी जागा भांडून मिळवली. आज मुंबईत चर्चच्या हॉलमध्ये आणि शाळांच्या वर्गांत मराठीतून मीटिंगा भरतात. माणूस उठतो, नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो, स्लिप झाली असेल तर तेही सांगतो. कुणी उपदेश करत नाही. ‘फक्त आजचा दिवस’ एवढ्यावर चहा पिऊन मंडळी घरी जातात.

वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. त्यांनी या बारा पायऱ्यांना बी. के. एस. अय्यंगारांच्या योगाची जोड दिली. कॅथलिक धर्मगुरू पेशंटांकडून आसनं करून घेतो, हे ऐकून मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

“पण पुण्यात अवचटांनी मुक्तांगण काढलं, १९८६ मध्ये,” ते म्हणाले. “तिथे कुठे बायबल लागलं?”

“नाही लागलं, आणि ते काम मोलाचं आहे. पण तिथेही बरा झालेला मित्र नव्या मित्राचा हात धरतोच ना? देव वगळता येतो, हात वगळता येत नाही.” तिने आकडेही दिले. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. वर्षअखेर दारूपासून पूर्ण दूर राहिलेल्यांचं प्रमाण ए.ए.च्या वाटेने जवळपास ४२ टक्के, तर इतर प्रस्थापित उपचारांत सुमारे ३५ टक्के होतं.

“दारूचं झालं. गर्दचं काय?”

हा मामांचा सगळ्यात वजनदार मुद्दा होता आणि भाचीने तो जवळपास जसाच्या तसा स्वीकारला. हेरॉइन, ब्राउन शुगर यांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधं माणूस मरण्याची शक्यता पुष्कळ कमी करतात, याचे पुरावे भक्कम आहेत. तरीही ‘एका नशेऐवजी दुसरी नशा’ म्हणत ती नाकारणारी केंद्रं जगभर आहेत आणि त्यात श्रद्धेच्या बळावर चालणारी बरीच आहेत. टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) सुरू झाली, अंग मोडून आलं, जुलाब लागले, की माणसाला खोलीत बसवून प्रार्थना करायची. त्यातून तो सुटला तर साक्ष देतो. जो बाहेर पडतो, आधीचाच डोस घेतो आणि मरतो, त्याची साक्ष कुणी ऐकत नाही.

“औषध नाकारणारी प्रार्थना मला मान्य नाही,” भाची म्हणाली. “आमच्याकडे डॉक्टर लिहून देतील ते औषध मिळतं. प्रार्थना संध्याकाळी वेगळ्या खोलीत असते. यायचं त्याने यावं. जेवण तिच्या आधी होतं, नंतर नाही. हा क्रम मुद्दाम ठेवलाय.”

“कुणी ठेवला?”

“सुपीरियर सिस्टरांनी. मी यायच्या आधीच.”

मामांनी मदर तेरेसांचं उदाहरण काढलं. कोलकात्याच्या कालीघाटला १९५२ मध्ये निर्मल हृदय सुरू झालं. रस्त्यावर मरणाऱ्यांना तिथे छप्पर आणि माणसाचा स्पर्श मिळाला. पण १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रॉबिन फॉक्स यांनी तिथे पाहिलेलं लिहिलं: निदानाची पद्धत नाही, तीव्र वेदनांवर जोरकस औषध नाही. भाचीने त्याच धर्मातली दुसरी बाई समोर ठेवली. सिसिली सॉन्डर्स या श्रद्धाळू ख्रिस्ती डॉक्टरने १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं आणि वेदना उसळायची वाट न पाहता ठरावीक वेळी मॉर्फिन द्यायची पद्धत रूढ केली. श्रद्धा तीच, शिस्त वेगळी. एकीकडे वेदनेत अर्थ शोधला गेला, दुसरीकडे वेदना हटवणं हेच कर्तव्य ठरलं. सेवा देणारा कुठल्या देवाला मानतो यापेक्षा तो कुणाला जाब देतो, पुराव्यापुढे स्वतःला बदलतो का आणि समोरच्याला ‘नको’ म्हणायची मोकळीक ठेवतो का, यावरून त्या कामाची पारख व्हायला हवी.

बदलल्याचं एक उदाहरण फिनलंडमधलं आहे. न्यूयॉर्कला १९९२ मध्ये सॅम त्सेंबेरिस यांनी ‘आधी घर’ ही पद्धत सुरू केली. नशा सोड, मग घर देतो, असं न म्हणता आधी किल्ली हातात द्यायची, उपचार त्याच्या मर्जीने. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं. हेलसिंकीत मुक्तिफौजेचा आल्पिकातू रस्त्यावर मोठा जुना निवारा होता, एका छताखाली ओळीने खाटा. तो आतून नव्याने बांधला आणि २०१२ च्या सुमारास तिथे सुमारे ऐंशी स्वतंत्र घरं झाली, भाडेकराराची. लंडनमध्ये जी संस्था एका पेनीत रात्रभर बाकावर बसू द्यायची, तिनेच सव्वाशे वर्षांनी खाटांची रांग मोडून दाराला कुलूप असलेली खोली दिली.

“सरकारने धोरण केलं म्हणून,” मामा म्हणाले.

“हो. आणि संस्था हट्टाला पेटली नाही म्हणून.”

आता मामांना हवं ते मैदान मिळालं. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर बेघर मोजले गेले, बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे किमान एक, बारमाही, चोवीस तास उघडा निवारा हवा असं बजावलं. मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख धरली, तर १२४ निवारे होतात. “हा हक्क आहे. तुझ्या सिस्टर चांगल्या आहेत म्हणून महापालिकेला सुटका मिळते, हे माझं दुखणं आहे.”

“आणि माझं दुखणं वेगळं आहे,” भाची म्हणाली. “तुमचं सरकार रस्त्यावरच्या माणसाकडे येतं ते बहुतेक वेळा पोलिसाच्या वेशात. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून महाराष्ट्रात आहे. वॉरंटशिवाय उचलून चेंबूरच्या भिक्षेकरीगृहात टाकता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं मोडीत काढली. आपल्याकडे नाही. तुमच्या हक्काचा निवारा उभा राहीपर्यंत हा माणूस आज रात्री कुठे झोपणार?”

“तुझ्याकडे. पण उद्याही तुझ्याकडेच झोपला, तर मी तुला विचारणार.”

“विचारा. तुम्ही नाही विचारलंत, तर कोण विचारणार?”

भाचीने लॅपटॉप उघडला. माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे अर्ज करायचा, यावर दोघांचं एकमत झालं: १२४ पैकी किती निवारे उभे आहेत, कुठल्या वॉर्डात, किती खाटांचे, बायकांसाठी किती, रात्री दहानंतर दार उघडं असतं का. मजकूर मामा सांगत होते, टाइप ती करत होती. पाचव्या मुद्द्यावर पुन्हा अडलं. ख्रिस्ती ट्रस्टचे, गुरुद्वाऱ्यांचे, गाडगे महाराजांच्या धर्मशाळांचे निवारे महापालिकेच्या संख्येत धरावेत का? मामा म्हणाले, मुळीच नाही, नाहीतर पालिका दुसऱ्याच्या घामावर आपला आकडा भरून काढेल. भाची म्हणाली, धरावेत, पण त्यांच्या वीज-पाण्याचा, डॉक्टरचा आणि औषधांचा खर्च पालिकेने उचलावा आणि तपासणीही करावी, आमचीसुद्धा. मामांनी चष्मा पुसला आणि हे वाक्य अर्जात वेगळा मुद्दा म्हणून घालायला सांगितलं, आपली हरकत त्याखाली नोंदवून.